खडक लागला

माझ्या आत्याला सगळे गिरमिट म्हणायचे. एक तर ती जमिनीला भोकं पाडायचं मशीन चालवायची. आणि दुसरं म्हणजे, एकदा प्रश्न विचारायला लागली की समोरच्याच्या डोक्याला भोक पडेपर्यंत ती थांबायची नाही. शिंप्याचं काम करणारे आमचे आतोबा म्हणायचे की लग्नाआधी पाहायला गेलो तेव्हा तिने मला इतकं विचारलं, की शेवटी मलाच बघून झालं आणि तीच हो म्हणाली.

मशीनचं वेड तिला आजोबांकडून आलं. आजोबा विहिरी खणायचे. लहानपणी आत्या खणलेल्या खड्ड्याच्या काठावर पालथी पडायची आणि खाली चाललेल्या पहारेचा आवाज ऐकायची. मातीत पहार धप्प करते, मुरमात खर्र करते, आणि खडकावर बसली की ठण्ण वाजते. तो ठण्ण ऐकला की तिच्या तळपायाला मुंग्या यायच्या, असं ती सांगायची. पुढे ती पाया घालणाऱ्या एका कंपनीत चिखलाने भरलेल्या सळ्या धुवायला लागली. एका दुपारी मशीनवाला तापाने आडवा झाला आणि मशीन भर रस्त्यात अडकून पडलं. मागे गाड्यांची रांग लागली. आत्या वर चढली आणि कुणाला काही कळायच्या आत तिने ते धूड आवारात आणून उभं केलं. कंपनीच्या साहेबांनी तिला खाली बोलावलं तेव्हा तिला वाटलं आता नोकरी गेली. साहेबांनी फक्त विचारलं की हे शिकलीस कुठे. ती म्हणाली, रोज बघते की. दुसऱ्या महिन्यापासून ती त्या खुर्चीवर.

काम समजायला अवघड नाही. मोठी इमारत नुसत्या मातीवर उभी राहत नाही, खचते. म्हणून जमिनीत खोल भोक पाडायचं, माती संपून पक्का खडक लागेपर्यंत खाली जायचं, आणि त्या भोकात लोखंड आणि काँक्रीट भरून खडकावर टेकलेला खांब उभा करायचा. असे कित्येक खांब झाले की त्यांच्यावर इमारत. सगळी मदार त्या एका गोष्टीवर, की खालून खडक लागला पाहिजे. म्हणून मशीनवर बसलेला माणूस वरून 'लागला' म्हणून ओरडला की अख्ख्या आवाराचा जीव भांड्यात पडतो. फावडी खाली ठेवली जातात, चहा मागवला जातो, उगाच एकमेकांच्या पाठीवर थापा बसतात. मी त्याच कंपनीच्या कचेरीत इंग्रजी पत्रव्यवहार बघायला लागले, तेव्हा पहिल्याच आठवड्यात आत्याने मला मुद्दाम आवारात नेलं आणि तो क्षण दाखवला. मशीन थरथरलं, इंजिनाचा सूर चढला, आणि आत्याने खिडकीतून हात बाहेर काढून आरोळी ठोकली. माझ्यासारख्या फायलींत डोकं घालणारीच्याही अंगावर काटा आला.

तीच आरोळी एकदा चुकली.

एका गोदामाचं काम होतं. घाई होती, ट्रक येऊन थांबले होते, मुकादम खाली घड्याळ दाखवत होता. मशीन थरथरलं, इंजिनाचा सूर चढला, आणि आत्या म्हणाली लागला. खरं म्हणजे लागल्यावरही आणखी थोडं खाली जाऊन खात्री करायची असते. त्या दिवशी ती खात्री करायची राहिली. काँक्रीट ओतलं गेलं. पुढे त्या खांबावर वजन ठेवून चाचणी घेतली, तर खांब हळूहळू खाली जायला लागला. मग खणून पाहिलं, तेव्हा कळलं की खाली खडक नव्हताच. मातीत रुतून बसलेला एक भला मोठा धोंडा होता, आणि त्याच्या खाली पुन्हा लोण्यासारखा गाळ. कुणाला इजा झाली नाही. पण काम उकरून पुन्हा करावं लागलं आणि कंपनीचं नाव खराब झालं. चौकशीत आत्याने मुकादमाचं नाव घेतलं नाही. आरोळी माझी होती, एवढंच म्हणाली.

तिला मशीनवरून उतरवलं आणि भांडारात बसवलं. तिथे काही दिवस तिने नटबोल्टांच्या डब्यांकडे बघत काढले आणि मग राजीनामा दिला. आम्हाला वाटलं, झालं ते झालं, आता सावरेल. तीही म्हणाली की आता याहून वाईट काय व्हायचं. मग जुन्या सोबत्यांनी यायचं थांबवलं. ती पुन्हा म्हणाली की आता याहून वाईट काय व्हायचं. मग एके दिवशी आतोबांच्या लक्षात आलं की तिला डाव्या बाजूने हाक ऐकू येत नाही. डॉक्टरांनी तपासून सांगितलं की वर्षानुवर्षं इंजिनाशेजारी बसून तो कान गेला आहे, परत यायचा नाही. त्या दिवसानंतर ती काहीच म्हणाली नाही. भिंतीकडे तोंड करून झोपायची. जेवायला हाक मारली तर दोन घास खाऊन पुन्हा आडवी. जिने आयुष्यभर सगळ्यांची डोकी खाल्ली, ती एक प्रश्न विचारीना. आतोबा दुकानात कपडा उलटा कापायला लागले.

काय करावं ते मला सुचेना. शेवटी मी माझ्याजवळ होतं तेच घेऊन गेले, इंग्रजी. संध्याकाळी तिच्या पलंगाशेजारी खुर्ची टाकायची, उजव्या कानाच्या बाजूला, आणि शब्द सांगायचे. पहिले काही दिवस ती भिंतीकडेच बघत होती. मग एका संध्याकाळी मी 'नाइफ' शब्दाचं स्पेलिंग सांगितलं आणि ती चादरीतून म्हणाली, "त्या 'के'चा उच्चार करायचा नाही तर लिहिलाय कशाला?"

 माझ्या डोळ्यांत पाणी आलं. गिरमिट फिरायला लागलं होतं.

त्यानंतर तिने मला सळो की पळो करून सोडलं. तिला तिच्या कामाचे शब्द आधी हवे होते. माती, गाळ, दगड, खडक, तळ, आदळणं, पोचणं. मी देत गेले आणि ती जोडत गेली. आतोबांना ती इंग्रजीत चहा करायला सांगायची आणि ते मराठीत करून आणायचे. मशीनचं मात्र नाव काढायची नाही.

तेवढ्यात कंपनीला मोठं काम मिळालं. नदीकाठी बायकांसाठी प्रसूतिगृह उभं राहायचं होतं. जागा चांगली, मोकळी, पण खालची जमीन एक नंबरची लबाड. नदीने शतकानुशतकं आणून टाकलेला गाळ, आणि गाळात ठिकठिकाणी धोंडे. साहेबांनी एकामागोमाग दोन मशीनवाले बसवले. एकाचं पातं धोंड्यावर मोडलं. दुसरा दर थोड्या वेळाने 'लागला' म्हणायचा आणि खाली पुन्हा गाळ निघायचा. कामगार तर शेवटी शेवटी 'लागला' ऐकून हसायचे. प्रसूतिगृहाच्या मंडळाच्या अध्यक्षा म्हणजे एक म्हाताऱ्या डॉक्टरीणबाई. अर्धं आयुष्य परदेशातल्या इस्पितळांत काढून आल्या होत्या. त्यांनी साहेबांना स्पष्ट सांगितलं की पहिला खांब खडकावर टेकणार नसेल तर आपण ही जागा सोडू आणि तुम्ही हे काम सोडा.

आणि एका रविवारी साहेब स्वतः आत्याच्या दारात उभे राहिले.

बसा म्हणायच्या आतच त्यांनी येण्याचं कारण सांगून टाकलं. आत्या ऐकत होती, मान खाली घालून. सगळं ऐकून झाल्यावर तिने शांतपणे सांगितलं की मला जमायचं नाही. माझा एक कान गेलाय. दोन्ही कान होते तेव्हाही मी धोंड्याला खडक म्हटलं, आता अर्ध्या कानाने काय सांगणार.

साहेब म्हणाले की मला तुमच्या एकटीचा कौल नकोच आहे. तिथे माती-दगड तपासणाऱ्या एक बाई आहेत, त्या खालचा नमुना वर काढून बघतील. तुम्ही फक्त मशीन नीट, घाई न करता खाली न्या. ते दुसऱ्यांकडून होत नाहीये.

 आतोबा कोपऱ्यात काजं करत होते. सुईवरची नजर न काढता ते म्हणाले, "अगं, गेले कित्येक महिने तू माझ्या पायमशीनच्या आवाजावरून ओळखतेस की दोरा तुटणार आहे. मला दोन्ही कानांनी कळत नाही ते."

"ते आवाजावरून नव्हे," आत्या म्हणाली. "फरशीतून कळतं. पायाला."

बोलून गेली आणि तीच थबकली. आपल्या पायांकडे बघत राहिली. मग साहेबांना विचारलं की मशीन कुठलं आहे, पातं कुठलं आहे, गाळ काळा आहे की पिवळा, धोंडे गोल आहेत की चपटे, पाणी किती येतं. साहेबांना घाम फुटला. मी दारात उभी राहून मनातल्या मनात नाचत होते.

सोमवारी ती मशीनवर चढली. ज्या सोबत्यांनी पाठ फिरवली होती तेच खाली उभे होते. आत्याने चपला काढून खाली ठेवल्या आणि अनवाणी पाय मशीनच्या पत्र्यावर टेकवले. मग लिव्हर हातात घेतला.

नमुने काढणाऱ्या बाईंना सगळे नमुनेताई म्हणायचे. आमच्या आवारात नमुन्यांना तोटा नव्हताच, त्यात ही त्यांची ताई. तरुण होती, चटपटीत होती, आणि एका पोकळ नळीने खालच्या दगडाचा लांबट गाभा जसाच्या तसा वर काढायची. तिचं नि आत्याचं पहिल्याच दिवशी जमलं, कारण आत्याच्या प्रश्नांना कंटाळणार नाही असं माणूस आत्याला जन्मात पहिल्यांदा भेटलं होतं. धोंडा लागला की आत्या मशीन हळू करायची, पायाने अंदाज घ्यायची, हा थरथरतोय पण डुलतोय असं म्हणायची, आणि नमुनेताई गाभा काढून बघायची. धोंडा असला की त्याला झिजलेली, गुळगुळीत कड असायची आणि त्याच्यापुढे गाळ. मग तो फोडून पुढे. एक झाला, दुसरा झाला, तिसरा झाला. मशीनच्या सळ्यांची लांबी संपत आली. डॉक्टरीणबाई मध्ये एकदा बघायला येऊन गेल्या. आत्याने त्यांच्याशी इंग्रजीत बोलायची हौस भागवून घेतली, आणि त्यांनीही कौतुकाने आपला फोन नंबर तिला दिला, काही झालं तर मला थेट कळवा म्हणून.

गुरुवारी सकाळी मंडळाची सभा होती. जागा ठेवायची की सोडायची ते त्या सभेत ठरणार होतं. लांब टेबल, एका बाजूला मंडळाचे लोक, दुसऱ्या बाजूला साहेब आणि टिपणं घ्यायला मी. साहेब आणखी थोडी मुदत मागत होते. समोरचे लोक मान हलवत होते, पण नको अशी. तेवढ्यात डॉक्टरीणबाईंचा फोन वाजला. त्यांनी चष्मा लावला, वाचलं, आणि त्यांचा चेहरा एकदम उतरला.

साहेबांकडे बघून त्या हळू आवाजात म्हणाल्या, "तुमच्या मशीनवाल्या बाईंचा निरोप आहे. त्या पार खचून गेल्यात. आता आणखी खणणं होणार नाही म्हणतात. लवकर या म्हणतात."

माझ्या पायाखालची जमीन सरकली. डोळ्यांपुढे तो पलंग आला, ती भिंत आली. साहेबांनी खुर्ची मागे ढकलली ती पडली, ती त्यांनी उचललीही नाही. मी आत्याला फोन लावला. उचलेना. पुन्हा लावला. उचलेना. मग आतोबांना लावला आणि काय बोलले ते मलाच आठवत नाही, पण ते ग्राहकाला अर्ध्या मापात उभं ठेवून निघाले, एवढं नंतर कळलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या की मीही येते, अशा वेळी डॉक्टर जवळ असलेला बरा. सभा तशीच टाकून आम्ही तिघं गाडीत बसलो.

गाडी प्रत्येक चौकात अडत होती. साहेब स्वतः चालवत होते आणि स्वतःलाच बोल लावत होते की बरी होत आलेल्या बाईला मी पुन्हा त्या खाईत ढकललं. मी मागे बसून ओठ चावत होते. मग काहीतरी करायचं म्हणून मी डॉक्टरीणबाईंना विचारलं की तिने नेमकं काय लिहिलंय ते मला दाखवाल का.

त्यांनी फोन माझ्या हातात दिला. इंग्रजीत लिहिलं होतं: 'वुई हॅव हिट रॉक बॉटम. नो मोअर डिगिंग. प्लीज कम फास्ट.'

मी ते वाचलं. पुन्हा वाचलं. हिट, रॉक, बॉटम. तिन्ही शब्द मी शिकवलेले, त्याच पलंगाशेजारी बसून, वेगवेगळ्या संध्याकाळी. ते तिन्ही एकत्र आले की इंग्रजीत त्यांचा निराळाच अर्थ होतो, माणूस आयुष्याच्या अगदी तळाला जाऊन आपटला असा, हे मात्र मी तिला कधी सांगितलंच नव्हतं. सांगायची वेळच आली नव्हती. तिने जे लिहिलं होतं ते शब्दाला शब्द, जसंच्या तसं लिहिलं होतं.

मला हसू फुटलं. ते आवरेना. डॉक्टरीणबाईंनी माझी नाडी धरली.

"साहेब," मी कशीबशी म्हणाले, "ती खचलेली नाही. तिला खडक लागलाय."

साहेबांनी गाडी रस्त्याच्या कडेला दाबली आणि मागे वळून माझ्याकडे बघत राहिले. मी शब्द फोडून सांगितले. डॉक्टरीणबाईंनी फोन परत घेतला, वाचला, आणि कपाळावर हात मारून घेतला. त्यांच्या कानाला तो वाक्प्रचार इतका सवयीचा होता, की आत खरा खडक असेल हे त्यांच्या मनातही आलं नव्हतं. आणि त्यांनी साहेबांना मराठीत सांगताना 'खचल्या' म्हटलं, तिथेच खडक हरवला होता. पुढच्या क्षणी साहेबांनी अशी गाडी काढली की मी दाराचा दांडा धरला.

पण आवाराच्या फाटकाशी पोचेपर्यंत हसू ओसरलं होतं. कारण तिघांच्याही मनात एकच आलं होतं आणि कुणी ते बोलत नव्हतं. ह्यापूर्वीही तिला एकदा खडक लागला होता.

आत गेलो तर आवार चिडीचूप. मशीन बंद. सगळे कामगार भोकाभोवती कोंडाळं करून उभे. आतोबा आमच्या आधी पोचले होते, गळ्यात मापाची पट्टी, पायात दोन वेगळ्या चपला. आत्या मशीनवर बसली होती, चिखलाने माखलेली, दोन्ही हात मांडीवर, फोन खाली चपलांशेजारी पडलेला. मला बघून तिने विचारलं की एवढी रडवेली का झालीस. मी नंतर सांगते म्हटलं. मग ती साहेबांकडे वळली.

"पातं पुढे जात नाही, साहेब. पायाला डुलणं लागत नाही. माझ्या मते हा खडकच," ती म्हणाली. "पण मी आरोळी ठोकलेली नाही. ह्या वेळी मी एकटी लागला म्हणणार नाही. म्हणून तुम्हाला सगळ्यांना बोलावलं. सगळ्यांच्या डोळ्यांदेखत गाभा काढू."

नमुनेताईने नळी लावली. आत्याने मशीन सुरू केलं. नळी फिरायला लागली आणि अख्ख्या आवाराचं लक्ष त्या फिरणाऱ्या सळीवर खिळलं. कुणी खोकलंसुद्धा नाही. नळी सावकाश उतरत गेली, एका सुरात, एका चालीत. मग वर काढली. नमुनेताईने गाभा लाकडी पेटीत उतरवला आणि त्याच्यावर पाणी ओतलं. काळाभोर, सलग, मनगटाएवढा जाड दगड. कड झिजलेली नाही, पुढे गाळ नाही. लोक ओरडणार एवढ्यात आत्याने हात वर केला. अजून, म्हणाली.

नळी पुन्हा खाली गेली. आणि मध्येच, काही न सांगता, मशीनचा सूर एकदम पडला. सळी सरकन खाली घसरली. मी आत्याकडे पाहिलं. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. बोटं लिव्हरवर आवळली होती. साहेबांनी डोळे मिटून घेतले. मला वाटलं, झालं, पुन्हा धोंडा, पुन्हा गाळ. पण आत्याने मशीन थांबवलं नाही. तळपाय पत्र्यावर आणखी दाबून ती तशीच बसून राहिली. आणि मग सळी पुन्हा अडली, सूर पुन्हा चढला, आणि चढलेलाच राहिला. खाली जाता जाता, जाता जाता तो जराही उतरला नाही.

गाभा वर आला. नमुनेताईने तो धुतला, हातात फिरवून पाहिला, आणि मधल्या एका बारीक फटीवर बोट ठेवून सांगितलं की खडकात अशा चिरा असतात, त्यात चिखल भरून राहतो. चीर बोटभर रुंद, आणि तिच्या वरचा नि खालचा दगड एकच. खात्रीसाठी तिने स्वतःहून आणखी एक गाभा मागितला. तोही सलग निघाला. मग तिने पेटीवरून मान वर केली आणि आत्याला म्हणाली, "आत्या, हा खडकच आहे. आता म्हणा."

आत्या मशीनवर उभी राहिली. तिने छाती भरून श्वास घेतला, तोंड उघडलं, आणि आवाजच फुटेना. ओठ हलले, पण नुसतेच. तेव्हा खाली उभ्या असलेल्या आतोबांनी, ज्यांचा आवाज दुकानाच्या उंबऱ्याबाहेर कधी कुणी ऐकला नव्हता, मान वर करून अशी काही आरोळी ठोकली की झाडावरचे पक्षी उडाले.

लागला.

मग काय विचारता. फावडी उडाली, टोप्या उडाल्या, कुणीतरी साहेबांना उचललं आणि चिखलात नेऊन ठेवलं. डॉक्टरीणबाई गाभ्याचा एक तुकडा दोन्ही हातांत धरून बाळाकडे बघावं तशा त्याच्याकडे बघत होत्या. आत्या खाली उतरली ती थेट माझ्याकडे आली. तिला माझ्या रडवेल्या चेहऱ्याचं कारण हवं होतं. मी तिला सांगितलं की तू काय लिहिलंस आणि आम्हाला काय वाटलं. ती अवाक झाली. मग खो खो हसत सुटली. मग एकदम हसायची थांबून तिने डॉक्टरीणबाईंना गाठलं. खडक लागला तर ह्या लोकांना वाईट का वाटतं? शब्द काढला कोणी? विहिरी खणणाऱ्यांनी की घरात बसून लिहिणाऱ्यांनी? डॉक्टरीणबाईंनी अर्थ सांगितला, पण तो आला कुठून ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. त्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं आणि सुटका करून घेतली.

कचेरीत जाऊन मी जाडजूड शब्दकोश काढले आणि दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत आत्यापुढे सगळं मांडलं. रॉक बॉटम हा मुळात जमीन खणणाऱ्यांचाच शब्द. माती, वाळू, खडी संपली आणि खाली सलग खडक लागला की तो रॉक बॉटम. त्याच्यापुढे कुदळ जात नाही, म्हणजे तळ आला. सुरुवातीला त्यात दुःखाचा मागमूसही नव्हता. एखाद्या गोष्टीच्या मुळापाशी, पक्क्या पायापाशी जाणं, असाही त्याचा अर्थ व्हायचा. मग दुकानदारांनी तो उचलला. याहून खाली येणार नाही असा भाव, म्हणून रॉक बॉटम भाव. आणि तिथून तो माणसांना चिकटला. दारूने, दुःखाने, अपयशाने माणूस इतका खाली गेला की याहून खाली जायला जागाच नाही, तर तो रॉक बॉटमला गेला.

आत्याने घास चावत चावत सगळं ऐकून घेतलं. आपल्याकडे माणूस गाळात जातो म्हणतात, ती म्हणाली, ते मला जास्त पटतं. मी त्या पलंगावर होते ना, तेव्हा खाली काही टणक लागतच नव्हतं. दरवेळी वाटायचं की आला तळ, आणि पुन्हा खाली.  मग मला म्हणाली, "तू ते 'के'वालं स्पेलिंग घेऊन आलीस, तेव्हा पहिल्यांदा काहीतरी लागलं. राग आला होता मला. पण पाय टेकले."

मी डब्यात तोंड घालून बसले. 

खरी परीक्षा पुढे होती. पहिला खांब भरून झाला, सुकला, आणि त्याच्यावर लोखंडी ठोकळ्यांचा डोंगर रचला. गोदामाच्या वेळी जे झालं होतं ते ह्याच चाचणीत झालं होतं, त्यामुळे सगळ्यांचे श्वास अडकले होते. आत्या त्या दिवशी मशीनवर नव्हती. खांबाच्या शेजारी जमिनीवर मांडी ठोकून बसली होती, खांब किती दबतो ते दाखवणाऱ्या काट्याच्या तबकडीपासून हातभर अंतरावर. वजन चढत गेलं. काटा किंचित हलला आणि थांबला. आणखी वजन. काटा थांबलेलाच. नमुनेताई आकडे वाचत होती आणि दर आकड्याला तिचा आवाज अधिक खुशीत येत होता. शेवटचा ठोकळा चढला तेव्हा साहेबांनी काट्याकडे पाहिलंच नाही, आत्याकडे पाहिलं. आत्याने पदराने तोंड पुसलं आणि चहा मागवा म्हणाली.

साहेबांनी तिला तिथल्या तिथे परत कायमचं कामावर बोलावलं. ती लगेच हो म्हणाली नाही. तिने अटी घातल्या. प्रत्येक भोकाचा गाभा काढल्याशिवाय काँक्रीट ओतायचं नाही. मशीनवर असलेल्या माणसाला खालून कुणी घड्याळ दाखवायचं नाही. आणि इंजिनाशेजारी बसणाऱ्या प्रत्येकाचे कान दर वर्षी तपासायचे, कानावर लावायची जाड टोपणं कंपनीने द्यायची. साहेबांनी मान डोलावली. गोदामाच्या वेळचा मुकादम मागे उभा होता. तो पुढे आला आणि सगळ्यांसमोर म्हणाला की त्या दिवशी घड्याळ मी दाखवलं होतं. आत्या म्हणाली, ठाऊक आहे, बस, चहा घे.

प्रसूतिगृह उभं राहिलं. सगळे खांब खडकावर टेकले, काही लवकर, काही फार उशिरा. पहिलं बाळ जन्मलं त्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी आत्याला आणि आतोबांना बोलावून घेतलं. आतोबा नवी दुपटी शिवून घेऊन गेले. आत्या तळमजल्यावरच्या फरशीवर चपला काढून उभी राहिली आणि बराच वेळ तिथून हललीच नाही. मग वर जाऊन बाळ पाहून आली.

सध्या ती एका मोठ्या पुलाच्या कामावर आहे, आमच्यापासून बरीच लांब. आतोबांनी तिथेच बाजारात एक गाळा घेतलाय. परवा मी आत्याला फोन केला तर तिचा डबा घेऊन पुलावर गेलेल्या आतोबांनीच तो उचलला. आत्याला द्या म्हटलं, तर मागून मशीनचा आवाज आला आणि ते म्हणाले की आत्ता ती काही ऐकायची नाही, धोंडा आहे की खडक ते बघतेय.